चौदा महिन्यांचं झाकण

३ मार्च

चि. ठोकळ्या,

आशीर्वाद घे, मग कामाचं बोलू.

तुझा पलंग आला. दोन माणसांनी तिसऱ्या मजल्यावर चढवला आणि धापा टाकत दोघंही त्याच्यावरच बसले. म्हणजे पहिला मान आमचा गेला. पलंग देखणा आहे, इतका की त्याच्याकडे पाठ करून झोपायला मला संकोच वाटतो. गादीसकट झाकण एका हाताने उचललं जातं आणि आपलं आपण वर उभं राहतं. तुझ्या आत्याने सकाळपासून अकरा वेळा उघडून बघितलं. खालच्या पेटीत तिची कोटांची गाठोडी, अस्तरं, दोऱ्यांची खोकी, सगळं मावलं. खोलीत चालायला वाट झाली, त्याबद्दल तुला शाबासकी.

मी सांगते आहे आणि आत्या लिहिते आहे. तिला बजावलंय, बोलेन तसंच उतरवायचं. (आई बोलते ते सगळं लिहिण्यासारखं नसतं. — आत्या) बघ, आत्ता मी गप्प असताना पेन चाललं. माझ्याच पत्रात चोरी करते.

पलंगाबरोबर एक कार्ड आलंय. मोठ्या अक्षरांत दहा वर्षांची वॉरंटी, एवढं आत्याने खणखणीत वाचलं. मग ती खिडकीपाशी गेली, चष्मा पुसला आणि म्हणाली, "पुढचं बारीक आहे आई, महत्त्वाचं नसेल." मी म्हटलं, "बारीक आहे तेच वाच. चोर कधी ओरडत येतो का?" मग निघालं ते असं : लाकडी चौकट दहा वर्षं. झाकणाच्या बिजागऱ्या आणि झाकण वर धरणारे गॅसचे दोन दांडे, एक वर्ष. मी ऐकून घेतलंय. यावर माझं मत आहे, पण आधी तुझं सांग. तू त्याच खात्यात बसतोस ना, लोकांच्या तक्रारी ऐकायला?

आजोबांचा पलंग तुझी माणसं घेऊन गेली. एक्स्चेंज का काय म्हणाली. त्याला एकही खिळा नव्हता, सगळे सांधे पाचरींवर. दर वर्षी हवा कोरडी पडली की लाकूड आकसतं आणि पाचरी सैल होतात. मग तुझी आत्या अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सांध्याच्या फटीत घालायची, डोळे मिटायची आणि आजोबांच्या लाकडी मोगरीने बेताबेताने ठोकायची. कमी ठोकली तर पलंग हलतो, जास्त ठोकली तर लाकूड चिरतं. किती ते फक्त तिच्या त्या दोन बोटांना कळतं. यंदा ठोकायच्या राहिल्याच. तुझी आई गेल्यावर तिने तुला त्याच पलंगावर थोपटून वाढवलं, म्हणून विचारते : त्याचं काय केलंस?

तुझी आजी


११ मार्च

ती. आजीस आणि आत्यास नमस्कार,

पलंग आवडला हे वाचून बरं वाटलं. जुन्याचं दुःख करू नकोस. आमच्या माणसांनी उघडून पाहिला तर आतून किडीने पोखरलेला होता. नव्या मालाशेजारी ठेवताही येईना. भंगारात दिला. अजून वर्षभराने तू त्याच्यासकट जमिनीवर आली असतीस.

तू वॉरंटीचं विचारलंस म्हणून सांगतो, बाहेर कोणी सांगणार नाही. आमच्याकडे चाचणीची खोली आहे. एक यंत्र दिवसभर खुर्चीवर माणसासारखं बसतं आणि उठतं. दुसरं पलंगाची झाकणं उघडतं आणि मिटतं. कुठला भाग किती दिवस टिकतो, याचा तक्ता माझ्या टेबलावर असतो. चौकट वीस वर्षं हलत नाही, म्हणून तिला बिनधास्त दहा वर्षं द्यायची. गॅसचे दांडे साधारण चौदा महिन्यांनी ढिले पडतात आणि झाकण कधीही खाली येतं, म्हणून त्यांना बारा महिने. चांगले दांडे मिळतात, पण कशाला? गिऱ्हाईक 'दहा' वाचतं आणि खूश होऊन घरी जातं. हे बारा-चौदाचं गणित मीच बसवलं, आजी. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तक्रारी अशाच आटोक्यात राहिल्या तर पुढच्या वर्षी मी विभागप्रमुख.

आजोबांचं कसब तुझ्या ठोकळ्यात उतरलं म्हणायचं.

तुझा ठोकळ्या


२० मार्च

चि. ठोकळ्या,

आजोबांचं कसब उतरलं खरं, फक्त उतरताना उलटं झालं. मोडेल कुठे हे त्यांनाही कळायचं. ते तिथे लाकूड जाड ठेवायचे. तू तिथे अक्षर बारीक ठेवतोस.

आता माझं मत. लग्न जुळवणारी बाई नवरदेवाच्या दातांचं कौतुक करायला लागली की समजावं, पायात काहीतरी आहे. तसंच तुझं कार्ड. ज्याची हमी मोठ्याने देतात ते मोडणारंच नसतं. चौकटीची हमी म्हणजे मेलेल्या माणसाने पुन्हा मरणार नाही अशी शपथ घेणं. मला अक्षर येत नाही, पण कार्ड ऐकल्या ऐकल्या आत्याला म्हटलं, "पलंग झाकणात मोडणार, आणि वर्ष उलटल्यावर मोडणार. आपल्याला लिहून दिलंय त्यांनी." ती म्हणाली, "आई, तू फार वाईट बघतेस." मी म्हटलं, "मी काही बघत नाही, तूच वाचलंस."

आजोबांकडे कधी कार्ड नव्हतं. पलंग पोचवला की म्हणायचे, "हलला तर सांगा, मी त्या कोपऱ्यावर राहतो." त्यांची हमी म्हणजे त्यांचा पत्ता. तू कुठे राहतोस हे तुझ्या गिऱ्हाइकांना माहीत आहे का रे? नसेलच. शहाणा आहेस.

आणि घरच्या पत्राला कंपनीचा कागद वापरतोस, तो वापर. हाताला जाड लागतो, गुळगुळीत, वर शिक्का उठवलेला. आत्या वाचून झाल्यावर मी त्याच्यावरून बोट फिरवत बसते. तिने तुझी सगळी पत्रं शिलाई मशीनच्या खणात जपून ठेवलीत. माझी तू ठेवतोस की तीही भंगारात?

तुझी आजी


८ एप्रिल

चि. ठोकळ्या,

वर्षभरात तुझी चार पत्रं आली आणि चारही लग्नाची. तुझी बायको फोटोत शहाणी दिसते. मग तुला हो कसं म्हणाली, ते प्रत्यक्ष भेटल्यावर विचारीन. आता तिला दिवस गेलेत म्हणतोस. तिला माझा आशीर्वाद, तुला अर्धा.

पलंगाला वर्ष होऊन वर महिना झाला. तुझं गणित चुकलं, ठोकळ्या. चौदा म्हणालास, तेराव्यातच झाकण डुलक्या घ्यायला लागलं. वर उभं राहतं, जरा विचार करतं आणि हळूहळू खाली येतं, कीर्तनात पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखं. आत्याने आता त्याला आजोबांची मोजपट्टी टेकू म्हणून लावलीय. आम्ही दोघी त्या पेटीत लपाछपी खेळतो. ती वाकून गाठोडं काढते आणि मी बाहेरून म्हणते, "सापडलीस!" परवा मी झाकणावर बसून तिला म्हटलं, "आता पळ बघू कुठे पळतेस."

थट्टा राहू दे. हिचे हात दिवसातून दहा वेळा त्या पेटीत जातात. कोटांची काजं हाताने करणारी या भागात ती एकटीच उरलीय. यंत्राची काजं करून घेणारे शिंपीही चांगला कोट आला की तिच्याकडे धावतात. तेव्हा ते दोन दांडे बदलून पाठव. नाहीतर पेटी उघडायचीच नाही का, ते तरी कळव. तू सांगशील तसं करू.

तुझी आजी

(काळजी करू नकोस रे. पट्टी मजबूत आहे. — आत्या)


१९ एप्रिल

ती. आजी,

पत्र मिळालं. घाईत लिहितोय. दांड्यांची मुदत महिन्यापूर्वीच संपली, त्यामुळे फुकट बदलून मिळणार नाहीत आणि सुटे सध्या शिल्लक नाहीत. एवढं काही नाही त्यात. पट्टी लावताय तर लावा, चालेल. पावसाळ्याआधी बघतो.

इथे बढतीची यादी लागायची आहे. सगळ्यांचं माझ्याकडे लक्ष आहे.

ठोकळ्या


२१ मे

चि. ठोकळ्या यांस,

हे पत्र टाइप केलेलं दिसेल. पहिल्या मजल्यावरचे टंकलेखक भाऊ कोर्टातून निवृत्त झालेत, ते बसलेत समोर यंत्र घेऊन. त्यांनी 'यांस' घातलंय. मी नको म्हटलं, पण म्हणतात, एकदा उमटलं ते खोडत नाहीत.

तुझी आत्या लिहू शकत नाही. परवा सकाळी ती अस्तर काढायला वाकली आणि पट्टी सटकली. गादीसकट झाकण तिच्या उजव्या हातावर आलं. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट लोखंडी कडेखाली सापडलं. मी पलीकडे बसले होते. मला वाटलं, ती लपाछपी खेळते आहे. मी म्हटलं, "सापडलीस." तिचा आवाज आला नाही तेव्हा उठले. माझ्याने झाकण उचललं गेलं नाही. भाऊ आणि दूधवाला धावत येईपर्यंत मी ते खांद्याने नुसतं तोलून धरलं होतं. किती वेळ, ते मला विचारू नकोस.

दवाखान्यातला डॉक्टर म्हणतो, जून संपायच्या आत मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तर बोटं वाचतील. उशीर झाला तर कापावी लागतील. तो खर्च काजांमधून निघणारा नाही. भाऊ म्हणतात, कंपनीने दोष मान्य केला तर तिला करावं लागेल. दोष आहे की नाही हे ठरवणाऱ्या टेबलावर तूच बसतोस, म्हणून तुला लिहिते.

जास्त काही मागत नाही. जे मला पत्रात लिहिलंस तेच कंपनीच्या कागदावर लिही. खरं एकदा लिहून झालंय, आता नुसती नक्कल करायची.

तुझी आजी


२७ मे

ती. आजी,

वाचून फार वाईट वाटलं. रीतसर तक्रार अर्ज भरा, सोबतचा फॉर्म भाऊंकडून भरून घ्या. मी आपल्या माणसांसाठी जेवढं होईल तेवढं करीनच. फक्त अर्जात आपलं नातं लिहू नका, ते मला अडचणीचं होईल. आणि माझी जुनी पत्रं कोणाला दाखवू नका, ती घरगुती गप्पा होत्या.

तुझं ८ एप्रिलचं पत्र मात्र जपून ठेवलंय. तू विचारलं होतंस ना, ठेवतोस का म्हणून.

ठोकळ्या


१२ जून

विषय : आपला तक्रार अर्ज, पलंग (साठवणुकीचा)

महोदया,

आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात आला. लाकडी चौकट सुस्थितीत असून तिची दहा वर्षांची वॉरंटी अबाधित आहे. याबद्दल आपले अभिनंदन.

झाकणाचे दांडे वॉरंटीच्या मुदतीबाहेर आहेत. तसेच आपण ८ एप्रिलच्या पत्रात स्वतः मान्य केले आहे की, झाकण खाली येते हे ठाऊक असूनही त्यास लाकडी पट्टीचा टेकू लावण्यात येत होता, पेटीत 'लपाछपी' खेळण्यात येत होती व झाकणावर बसण्यात येत होते. हा वापर सर्वसाधारण घरगुती वापरात मोडत नाही. सबब झालेल्या इजेस कंपनी जबाबदार नाही.

आपल्या घराच्या शोभेसाठी आमची नवी उत्पादने सवलतीत उपलब्ध आहेत.

प्रभारी विभागप्रमुख, तक्रार निवारण


१५ जून

ती. आजींना आणि आत्यांना नमस्कार,

मी तुमची नातसून. लग्न घाईत झालं, भेट राहिलीच, म्हणून आज स्वतः लिहिते. हे ऑफिसात गेलेत.

आत्यांच्या हाताला लागलं असं हे म्हणाले. थोडंसंच आहे ना? त्यांना आराम पडो. ह्यांना बढती मिळाली, तुम्हाला कळवलं असेलच.

मुख्य म्हणजे मला पलंगाबद्दल तुमचे आभार मानायचे होते. लग्न होऊन आले त्या दिवशी हे म्हणाले, "हा आजोबांनी केलाय, आजीने आपल्याला दिला." काय भक्कम आहे हो! मी ह्यांना विचारलं, तुमच्या कंपनीचं घरात एकही सामान कसं नाही? तर हसले आणि म्हणाले, "हलवाई स्वतःची मिठाई खातो का?" हल्ली पलंग जरासा करकरतो एवढंच. हे म्हणतात, लाकूड बोलतं.

बाळ झालं की आधी तुमच्याकडे घेऊन येईन.

तुमची नातसून


२२ जून

चि. ठोकळ्या,

भाऊ टाइप करताहेत. त्यांना सांगितलंय, आज एकही 'यांस' नको.

तुझं अभिनंदन पोचलं. चौकट सुस्थितीत आहे हे भाऊंनी आत्याला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बरं झालं." ती असंच म्हणते, तुला माहीत आहे. तू लहानपणी तिच्या कात्रीने तिचाच पदर कापलास तेव्हाही म्हणाली होती, "बरं झालं, हात नाही कापला."

माझं पत्र जपून ठेवलंस, तुझे उपकार. आयुष्यभर मी लोकांची थट्टा केली, कोणी लिहून ठेवली नाही. तू ठेवलीस आणि शिक्का मारलास. म्हातारीने लेकीला हसवायला दोन वाक्यं सांगितली, तीच लेकीच्या हातावर ठेवलीस. 'पट्टी लावताय तर लावा, चालेल' हे कोणाचं वाक्य होतं रे? ते पत्र नाही का सापडलं तुझ्या खणात?

आणि किडीने पोखरलेला पलंग तुझ्या घरी कसा पोचला? भंगारवाला तुझ्या शयनगृहात राहतो वाटतं. बायकोला रागावू नकोस. एवढ्या दिवसांत तुझ्या घरातून आलेलं तेवढंच एक खरं पत्र. तुझ्या कार्डातलं एक अक्षर वाचायची आता गरज नाही. वॉरंटी लिहिणारा कशावर झोपतो ते कळलं की मालाची पारख झाली.

भाऊ म्हणाले, "आजी, ते चौदा महिन्यांचं पत्र मला द्या. कंपनीचा कागद, कंपनीचा शिक्का, सही त्याची. ग्राहक मंचापुढे ठेवलं की आठ दिवसांत कंपनी स्वतः गाडी पाठवेल रुग्णालयात न्यायला." मी आत्याला म्हटलं, "काढ." तिने डाव्या हाताने खण उघडला, कागद काढला आणि माझ्यासमोर दातांत धरून टराटरा फाडला. म्हणाली, "पोराची नोकरी जाईल, आई. त्याची बायको पोटुशी आहे. बोटांचं काय, आठ आहेत अजून."

महिना संपायला दिवस थोडे उरलेत. अजूनही तू स्वतः लिहिलंस तर होईल. मी वाट बघते आहे. वाट बघायला अक्षर लागत नाही.

आजी


३० ऑगस्ट

ती. आजी,

बरेच दिवस पत्र नाही. कामात होतो. मागचं तू मनावर घेऊ नकोस. ते सगळं कंपनीच्या नियमांप्रमाणे होतं, त्यात वैयक्तिक काही नव्हतं.

एक अडचण आहे. हिला आठवा महिना चालू आहे आणि डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. पण पलंग फार हलतोय. हिने कूस बदलली तरी चारही कोपरे बोलतात. इथले दोन सुतार येऊन गेले. एकाने ठोकायला घेतला तर पायाशी लाकूड चिरायला लागलं, मी थांबवलं. दुसरा म्हणाला, "ज्याने केलाय त्यालाच बोलवा, हा हाताचा अंदाज आहे." नवा घ्यायला आमच्या कंपनीतच फुकट मिळेल, पण ते तर तुला माहीतच आहे.

तेव्हा आत्याला एका दिवसासाठी पाठव. तिकीट सोबत जोडलंय, खिडकीची जागा आहे. येताना आजोबांची मोगरी आठवणीने आणायला सांग. ती आहे ना अजून? जपून ठेवली असशीलच.

ठोकळ्या


७ सप्टेंबर

ठोकळ्या,

अक्षर ओळखू येणार नाही. ते आत्याचंच आहे, डाव्या हाताचं. जुलैपासून रोज पाटीवर गिरवते. म्हातारपणी मला शाळेत बसायला मिळालं, फक्त शिकते ती आणि कंटाळते मी. एक ओळ लिहायला तिला इतका वेळ लागतो की पुढचं बोलायच्या आधी माझा राग निवतो. म्हणून आज थोडंच सांगणार आहे, पण गरमागरम.

तुझी तक्रार पोचली. सहानुभूतीपूर्वक विचार केला. पलंगाचं लाकूड सुस्थितीत आहे, तुझ्या आजोबांच्या पत्त्यावर कोणीही खात्री करून घ्यावी. सांध्यांची जबाबदारी मात्र या दोन बोटांवर होती, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. ती एक जुलैला कापली. डॉक्टरने विचारलं, "हवीत का?" आत्या म्हणाली, "आता काय करू त्यांचं?"

मोगरी आहे. तू मोगरीची चौकशी केलीस ते बरं केलंस, ती अगदी छान आहे. सगळं पत्र मी दोनदा वाचून घेतलं. म्हटलं, आत्याचा हात कसा आहे, हे कुठे बारीक अक्षरांत लिहिलं असेल. तिला खिडकीपाशी पाठवलं, चष्मा पुसायला लावला. नव्हतं.

बायकोला आज, आत्ता, गादी जमिनीवर घालून दे. हे चेष्टेत नाही. तिचा काही दोष नाही, ती फक्त तुझी वॉरंटी वाचून आली.

आता शेवटचं. जूनमध्ये आत्याने माझ्यासमोर कागद फाडला. तिला वाटलं, आईला अक्षर येत नाही, हिला काय कळतंय. पण तुझ्या कंपनीचा कागद जाड. तो फाटताना कापडासारखा वाजला असता. तिने फाडला तो चर्रकन गेला. शिंप्याच्या पावतीचा कागद होता तो, रोज हाताखालून जातो माझ्या. मी तेव्हा बोलले नाही. तुझं पत्र फाडायला तिचा हात धजला नव्हता आणि वापरायलाही धजला नव्हता. मी म्हटलं, पोर तिने वाढवलंय, ठरवू दे तिला.

हे आत्ता सांगितलं तर ती लिहायची थांबली. मी म्हटलं, "लिही, बोलेन तसंच उतरवायचं." तिने लिहिलं. मग मला म्हणाली, "आई, त्याने तिकीट पाठवलंय. खिडकीची जागा." आणि उठली. मशीनचा खण उघडल्याचा आवाज आला. मग जिन्यावर तिची पावलं, एक मजला, दुसरा मजला. भाऊंचं दार वाजलं.

आत्ताच परत आली. तिला दम लागलाय. म्हणते, भाऊंनी पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. उद्या सकाळी मंचात देणार आहेत.

मी विचारलं, "शेवटी काही लिहायचंय का तुला, चोरून?" ती नाही म्हणाली.

आजी